रिब्रीदरचा स्क्रबर किती टिकेल: मिनिटं मोजायची की लिटर?

तळठाव

क्लोज्ड सर्किट रिब्रीदर (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड काढून, ऑक्सिजन भरून तोच वायू पुन्हा श्वासाला देणारं डायव्हिंगचं यंत्र) वापरणाऱ्यांसाठी हा धागा. कार्बन डायऑक्साइड काढणारा भाग म्हणजे स्क्रबर. प्रश्न जुनाच आहे, पण दहा जणांना विचारलं तर बारा उत्तरं मिळतात.

उदाहरणासाठी २.५ किलो सोडालाइम (कार्बन डायऑक्साइड शोषणारा दाणेदार चुना) बसणारा अक्षीय कॅनिस्टर घेऊ, म्हणजे ज्यात वायू एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जातो असा स्क्रबरचा डबा. पुस्तिकेत आयुष्य दिलंय १८० मिनिटं. हा आकडा येतो चाचणीच्या यंत्रावरून. रिब्रीदर ४ अंश सेल्सियसच्या पाण्यात ठेवतात, त्याला कृत्रिम फुप्फुस जोडतात, मिनिटाला ४० लिटर श्वसन चालवतात आणि त्यात मिनिटाला १.६ लिटर कार्बन डायऑक्साइड (सीओटू) सोडतात. स्क्रबरमधून बाहेर येणाऱ्या वायूत सीओटूचा आंशिक दाब ५ मिलिबारला पोचला की घड्याळ बंद.

म्हणजे १८० × १.६ = २८८ लिटर सीओटू या कॅनिस्टरने पचवला.

आता निवांत पोहणारा डायव्हर काही १.६ लिटर सोडत नाही. समजा १०० मिनिटांच्या डाइव्हमध्ये ३ लिटरचं ऑक्सिजन सिलिंडर २०० बारवरून १६० वर आलं. ४० × ३ = १२० लिटर ऑक्सिजन. श्वसन गुणांक (वापरलेल्या एक लिटर ऑक्सिजनमागे किती लिटर सीओटू सुटतो) ०.९ धरला तर १०८ लिटर सीओटू. शिल्लक १८० लिटर. घड्याळाच्या हिशोबाने या चुन्यात ८० मिनिटं उरलीत, लिटरच्या हिशोबाने त्याच वेगाने १६५ च्या आसपास. फरक दुपटीचा आहे.

माझं मत असं की लिटर मोजणंच खरं. मिनिटं मोजणं म्हणजे गाडी उभी आहे की घाटात आहे हे न बघता पेट्रोल तासांवर मोजणं. कुठे चुकतंय का?

निवांत_कासव

वाचनखूण साठवली. आता भांडा, मी चहा घेऊन बसतो.

चुनखडी

गुणाकार बरोबर आहेत, पेट्रोलच्या टाकीची उपमा चुकली आहे. पण आधी थोडं रसायन, म्हणजे पुढचं बोलणं सोपं होईल.

सोडालाइममध्ये मुख्य माल कॅल्शियम हायड्रॉक्साइड, साधारण पाऊण भाग किंवा थोडा जास्त. बाकी बहुतेक पाणी, वजनाच्या १५ ते २० टक्क्यांच्या आसपास, आणि तीनेक टक्के सोडियम हायड्रॉक्साइड. सीओटू आधी कणावरच्या पाण्यात विरघळतो, मग सोडियम हायड्रॉक्साइडशी चटकन जुळतो, आणि तयार झालेलं सोडियम कार्बोनेट कॅल्शियम हायड्रॉक्साइडशी अदलाबदल करून सोडियम हायड्रॉक्साइड परत मोकळं करतं. सोडियमवाला दलाल आहे, माल कॅल्शियमचा. शेवटी उरतं कॅल्शियम कार्बोनेट, पाणी आणि उष्णता. दर मोलमागे सुमारे ११३ किलोज्यूल. १.६ लिटर प्रति मिनिटाच्या दराने हे १२५ वॅटच्या आसपास जातं.

आता तुमच्या २.५ किलोचा कागदोपत्री हिशोब. ७८ टक्के कॅल्शियम हायड्रॉक्साइड म्हणजे १.९५ किलो, भागिले ७४ ग्रॅम, म्हणजे २६ मोलच्या वर. एका मोलचे २४ लिटर धरले तर ६३० लिटर सीओटू मावायला हवा. चाचणीत मावला २८८. म्हणजे कॅनिस्टर 'संपला' तेव्हा निम्म्याहून जास्त चुना अजून कोराच होता!

टाकीत निम्मं पेट्रोल असताना गाडी बंद पडत नाही. हे स्क्रबरमध्ये का होतं, ते कळलं तर धाग्याचं उत्तर मिळेल.

प्रश्नचिन्ह

का होतं मग? सांगून टाका, मालिका लावू नका.

चुनखडी

कारण वायू थांबत नाही.

अडीच किलोच्या थराचं आकारमान तीन लिटरच्या जरा आत, त्यातली कणांमधली मोकळी जागा साधारण सव्वा लिटर. मिनिटाला ४० लिटर श्वसन असताना उच्छ्वासाच्या शिखरावर प्रवाह सेकंदाला दोन लिटरच्या वर जातो. म्हणजे वायूला थरातून पार व्हायला अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त वेळ मिळतो. तेवढ्यात सीओटूच्या प्रत्येक रेणूने एखाद्या कणाला गाठायचं, पाण्यात विरघळायचं आणि अडकायचं. श्वसन ७५ लिटरवर गेलं की हाच वेळ सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यावर येतो.

अक्षीय कॅनिस्टरमध्ये काम चालू असलेला एक पट्टा असतो. मागे वापरलेला चुना, पुढे कोरा. भिंतीत ओल चढते तसा पट्टा पुढे सरकत जातो. पण त्याची जाडी ठरलेली नसते. हळू श्वास असेल तर पट्टा अरुंद, जोरात असेल तर रुंद. पट्ट्याची पुढची कड थराच्या शेवटाला टेकली की सीओटू निसटायला लागतो. त्यालाच आपण ब्रेकथ्रू म्हणतो.

म्हणून तळठाव, तुमचे उरलेले १८० लिटर सशर्त आहेत. एकच कॅनिस्टर, तोच चुना, त्याच क्षणी: निवांत तरंगताना सीओटू अजिबात निसटू देणार नाही आणि प्रवाहाविरुद्ध फिन मारायला लागलात की पाच मिनिटांत गळायला लागेल. त्याला विचारायचा प्रश्न 'किती उरलाय' हा नाही, 'कुठल्या कामासाठी उरलाय' हा आहे.

बारमापे

+१. एक भर: ५ मिलिबार हा उंबरठा आहे, भिंत नाही. तिथपर्यंत चढ सावकाश असतो, नंतर आलेख झपाट्याने वर जातो. १८० व्या मिनिटाला ५ मिलिबार असेल तर १९५ व्या मिनिटाला 'थोडंसं जास्त' असेल अशा समजात राहू नये.

आणि तळठाव, ०.९ का? आहारानुसार आणि श्रमानुसार गुणांक ०.७ ते १ असा फिरतो. १ धरा, गणितही सोपं होतं. वर चढताना बाहेर सोडलेला आणि मास्कमधून गेलेला ऑक्सिजनही तुमच्या १२० लिटरमध्ये मोजला जातो. दोन्ही चुका सुरक्षित बाजूच्याच आहेत, राहू द्या.

उलट बाजूची चूक डायल्युएंटची, म्हणजे ऑक्सिजन पातळ करायला भरतो त्या वायूची, इथे हवेची. खाली जाताना लूपमध्ये (वायू फिरतो त्या बंद मार्गात) डायल्युएंट भरतो, त्यात २१ टक्के ऑक्सिजन असतो. तोही शरीर वापरतं आणि तो ऑक्सिजनच्या गेजवर दिसत नाही. खालीवर फार केलं तर हा आकडा दुर्लक्ष करण्याइतका लहान राहत नाही.

ओरिंग_शोधक

माझा आक्षेप वेगळा आहे. मिनिटं की लिटर यावर रक्त आटवण्याआधी कॅनिस्टर भरलाय कसा ते बघा. नीट न भरलेल्या कॅनिस्टरचं आयुष्य शून्य मिनिटं आणि शून्य लिटर.

१. कॅनिस्टर आधी कोरडा, स्वच्छ. जाळी आणि स्क्रिम (चुना अडवणारं विरळ कापड) फाटलेले नाहीत ना, हे उजेडात धरून बघा.

२. उघड्यावर, वारा पाठीशी घेऊन, एक-दीड फुटावरून बारीक धारेने ओता. धूळ वाऱ्याने उडून जाते. चष्मा आणि मास्क लावा, ही धूळ डोळ्यात जाण्यासारखी वस्तू नाही.

३. तिसरा हिस्सा भरला की थांबा. कॅनिस्टर फिरवत बाजूंवर तळहाताने थापट्या मारा, पातळी खाली बसणं थांबेपर्यंत. मग दुसरा हिस्सा, मग तिसरा. वरून अंगठ्याने दाबू नका, कण चुरडून पीठ होतं.

४. वरची पातळी सपाट करा, दाबपट्टी बसवा, स्प्रिंगचा ताण बघा. कॅनिस्टर कानाजवळ धरून हलवा. खुळखुळ ऐकू आली तर परत उघडा.

५. वजन करा. हे फुकट आहे आणि जवळजवळ कोणी करत नाही. आपल्या कॅनिस्टरचं नेहमीचं भरलेलं वजन माहीत हवं. या वेळी शंभर ग्रॅम कमी भरलं असेल तर कुठेतरी पोकळी आहे किंवा चुना सुकलाय. दोन्ही वाईट.

६. झाकणाची ओ-रिंग, स्पेसर असेल तर स्पेसर. हे दोन राहिले तर वायू चुन्याला बगल देऊन सरळ तुमच्या तोंडात येतो.

भरलेला कॅनिस्टर गाडीत तासभर हादरे खात गेला असेल तर पाण्यात उतरण्यापूर्वी ४ पुन्हा.

निवांत_कासव

थोडक्यात, स्वतःलाच चुना लावून घेऊ नका.

ओरिंग_शोधक

कासवराव, हा विनोद पहिल्या पाच प्रतिसादांत येणार असं वाटलं होतं, तुम्ही संयम दाखवलात.

चुनखडी

कडेच्या बाबतीत एक. सपाट भिंतीला लागून कण घट्ट बसत नाहीत, तिथे मोकळी जागा मधल्या भागापेक्षा जास्त असते आणि वायू वाट सोपी बघून तिकडून पळतो. थापट्या बाजूंवर मारायच्या त्या यासाठी. रेडियल कॅनिस्टरमध्ये वायू आडवा जातो, थर पातळ पण क्षेत्रफळ मोठं, त्यामुळे श्वासाला अडथळा कमी. पण वरच्या टोकाला अर्धा सेंटिमीटर पोकळी राहिली तर तो सरळ बोगदाच. तिथे वरून टॉप-अप करणं जास्त महत्त्वाचं.

प्रश्नचिन्ह

रंग बदलणारा चुना मिळतो ना? पारदर्शक कॅनिस्टर आणि जांभळा रंग. सगळा वाद मिटला.

बारमापे

दिसतं तसं नसतं. रंगद्रव्य कणाच्या पृष्ठभागाचा अल्कलीपणा बघतं. वापर थांबवून ठेवला की कणाच्या आतलं हायड्रॉक्साइड पृष्ठभागावर येतं आणि रंग परत पांढरा होतो, क्षमता मात्र परत येत नाही. रात्रभर ठेवलेला अर्धा संपलेला कॅनिस्टर सकाळी नव्यासारखा गोरापान. शिवाय पाण्याखाली पाठीवरच्या डब्यातला रंग बघणार कोण? भूलयंत्रात, टेबलावर, सतत नजरेसमोर असताना त्याचा उपयोग आहे.

यावरून आठवलं: भूलयंत्राचा चुना रिब्रीदरमध्ये भरू नका. त्याचे कण बहुधा २.५ ते ५ मिलिमीटरचे. डायव्हिंगला बऱ्याच यंत्रांसाठी १ ते २.५ मिलिमीटरचा सांगतात, उदाहरणार्थ सोफ्नोलाइम ७९७. जाड कण म्हणजे बाह्य पृष्ठभाग कमी, पट्टा रुंद, ब्रेकथ्रू लवकर. पुस्तिकेतला आकडा ज्या चुन्यावर काढलाय त्याचाच आहे. चुना बदलला की आकडा गेला.

हिशोबनीस

मला वेगळी कल्पना सुचते. डाइव्हनंतर कॅनिस्टरचं वजन करायचं. सीओटू आत अडकला म्हणजे वजन वाढणारच. १०८ लिटर म्हणजे ४.५ मोल, म्हणजे १९८ ग्रॅम. स्वयंपाकघराचा काटासुद्धा हे दाखवेल. ऑक्सिजनचं गेज नको, गुणांक नको.

चुनखडी

कल्पना सुरेख आहे, पाण्याने बुडते. प्रत्येक मोल सीओटूमागे एक मोल पाणी तयार होतं. ४.५ मोलला ८१ ग्रॅम. ते कणातच राहिलं तर तुमचं गणित बरोबर. पण थर गरम असतो, पाणी वाफ होऊन निघतं आणि काउंटरलंगमध्ये (श्वासाच्या पिशवीत), नळीत, डब्याच्या तळाशी साचतं. त्याउलट उच्छ्वासातली वाफ थराच्या थंड भागात जमून वजन वाढवते. पाणी किती थंड, कॅनिस्टर कसा बसवलाय, यावर चूक ऐंशी-शंभर ग्रॅम इकडे किंवा तिकडे सहज जाते. २०० ग्रॅम मोजायला निघालात आणि चूक १०० ची.

वजनाचा उपयोग भरताना आहे, काढताना नाही.

हिशोबनीस

मान्य. काटा परत स्वयंपाकघरात.

खोलखोल

कोणी थंडी आणि खोली यावर बोललंच नाही. तळठाव यांच्या मूळ गणितात सगळ्यात मोठं भगदाड तिथे आहे.

थंडी: अभिक्रिया तापमानावर चालते. थर स्वतःच्या उष्णतेवर तापतो आणि म्हणूनच काम करतो. ४ अंशात कडेचा चुना गार राहतो, काम फक्त मधल्या गाभ्यात नीट होतं. कोमट पाण्यात तोच कॅनिस्टर बराच जास्त टिकतो. सुदैवाने पुस्तिकेतला आकडा थंड पाण्याचा असल्यामुळे कोमट पाण्यात तो सुरक्षित बाजूला पडतो. मात्र भरलेला कॅनिस्टर शून्याखालच्या हवेत रात्रभर ठेवलात तर कणातलं पाणी गोठतं. मग पहिल्या श्वासांना अभिक्रिया सुरूच होत नाही.

खोली: शरीर सोडतं तेवढाच सीओटू सोडतं, ० मीटरला असो की ४० ला. प्रवाहही तितकाच. बरेच जण इथे थांबतात आणि 'खोलीचा संबंध नाही' म्हणतात. पण ४० मीटरवर ५ बार दाबात वायू पाचपट दाट असतो. सीओटूच्या रेणूला कणापर्यंत पोचायला गर्दीतून वाट काढावी लागते, त्याचं विसरण पाचपट मंद होतं. थरात राहायचा वेळ मात्र तोच अर्धा सेकंद. शिवाय दाट वायू थरातली उष्णता जास्त वाहून नेतो. दोन्हींमुळे पट्टा रुंद होतो. कंपन्या खोलीनुसार वेगवेगळी मिनिटं देतात ती यामुळेच.

म्हणजे उरलेले १८० लिटर ६ मीटरवरच्या डिको थांब्याला (वर येताना शरीरात विरघळलेला वायू निघून जावा म्हणून घेतलेल्या थांब्याला) कदाचित खरे. ४० मीटरवर नाहीत.

प्रश्नचिन्ह

हेलियम घातलं की घनता कमी होते. मग स्क्रबर जास्त टिकेल?

खोलखोल

अर्धं बरोबर. हेलियममध्ये सीओटूचं विसरण हवेतल्यापेक्षा तिप्पट-चौपट वेगवान, हा फायदा. पण हेलियमची उष्णतावाहकता हवेच्या सहापट, त्यामुळे कणांची ऊब तो पळवतो. दोन्ही एकमेकांना किती कापतात हे यंत्राच्या बांधणीवर ठरतं. यंत्राची चाचणी त्या मिश्रणावर झाली असेल तरच आकडा वापरा. हेलियमचा मोठा फायदा स्क्रबरपेक्षा तुमच्या फुप्फुसांना आहे.

श्वासोच्छ्वास

तोच मुद्दा पुढे नेतो. प्रत्येक सीओटू हिटचं (सीओटूच्या बाधेचं) खापर चुन्यावर फोडायची सवय आहे. स्क्रबरमधून शून्य सीओटू येत असतानाही माणूस बाधित होऊ शकतो, कारण दाट वायू आतबाहेर ढकलायलाच इतके कष्ट पडतात की शरीर श्वास कमी घेऊन सीओटू वाढू देतं. म्हणून २०१६ पासून घनतेच्या दोन रेषा सांगितल्या जातात: लिटरला ५.२ ग्रॅमपर्यंत ठीक, ६.२ च्या वर जाऊ नये. हवा डायल्युएंट असेल तर पहिली रेषा साधारण ३१ मीटरला येते, दुसरी ३९ च्या आसपास.

आणि तिसरा संशयित: माउथपीसमधले मशरूम व्हॉल्व्ह, म्हणजे वायू एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपा. एखादा दुमडला किंवा त्याखाली केस अडकला की स्वतःचाच उच्छ्वास परत घेता. वायू स्क्रबरकडे जातच नाही, चुना नवा असला काय आणि जुना असला काय. तपासणी अर्ध्या मिनिटाची: एकेक नळी तळहाताने बंद करून श्वास ओढा आणि सोडा, चुकीच्या दिशेने हवा येता कामा नये. पॉझिटिव्ह-निगेटिव्ह प्रेशर टेस्टमध्ये (लूप फुगवून आणि हवा ओढून गळती बघणं) हे सापडत नाही, कॅनिस्टरची आतली बगलही सापडत नाही. त्या टेस्ट फक्त पाणी आत येईल का एवढंच सांगतात.

बारमापे

पाच मिनिटं नाक बंद करून प्रीब्रीद केलं (पाण्यात उतरण्यापूर्वी यंत्रावर श्वास घेतला) की स्क्रबरचा दोष कळतो, असं अजून शिकवलं जातं. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात स्क्रबर पूर्ण काढून टाकला होता तेव्हा २० पैकी १५ जणांना काहीतरी बिघडल्याचं कळलं आणि ते थांबले. स्क्रबर अंशतः नादुरुस्त होता तेव्हा २० पैकी फक्त २. प्रीब्रीद जरूर करा, पण ते ऑक्सिजनची इंजेक्शनं आणि सेन्सर बघण्यासाठी. स्क्रबरचं प्रमाणपत्र म्हणून नको.

तारयंत्र

मग उपकरणांबद्दल बोलूया. दोन जाती आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात.

टेम्प-स्टिक: थरातून जाणारी दांडी, तिच्यावर ओळीने तापमानाचे सेन्सर. काम चालू असलेला पट्टा गरम असतो, तो कुठवर आला ते दिसतं. पट्टा शेवटाकडे सरकला की डिस्प्लेवरच्या पट्ट्या कमी होतात. रीव्हो या रिब्रीदरचं आरएमएस याच तत्त्वावर आणखी हिशोब करतं. चुनखडी सांगतात तो पट्टा प्रत्यक्ष बघायची ही एकमेव सोय. पण ती उष्णता बघते, सीओटू नाही. ओ-रिंग राहिली असेल तर बगलेने जाणारा सीओटू तिला दिसत नाही, ती आनंदाने हिरव्या पट्ट्या दाखवते. आणि विश्रांती घेतली की पट्टा अरुंद होतो, दोन पट्ट्या 'परत आल्या' असं वाटू शकतं. चुना परत आलेला नसतो.

सीओटू सेन्सर: अवरक्त किरणांचं शोषण मोजतो, स्क्रबरच्या बाहेरच्या बाजूला बसतो. हा बगल पकडतो, ब्रेकथ्रू पकडतो. शत्रू एकच, दमट हवा. लूपमध्ये आर्द्रता शंभर टक्क्यांच्या जवळ, भिंगावर थेंब जमला की वाचन भलतंच. मधला फिल्टर कोरडा ठेवणं, वेळेवर बदलणं हे त्याचं खरं कॅलिब्रेशन. आणि श्वासोच्छ्वास यांचा मशरूम व्हॉल्व्ह यालाही दिसत नाही, कारण तो दोष सेन्सरच्या पुढे, तोंडाशी आहे.

निवांत_कासव

म्हणजे एक आंधळा, एक बहिरा, आणि दोघांवर भरवसा ठेवणारा आपण.

तारयंत्र

दोघं मिळून वाट दाखवतात. एकटा कोणीच नाही.

प्रश्नचिन्ह

अर्धा वापरलेला कॅनिस्टर पुढच्या आठवड्यासाठी ठेवला तर चालतो का? काही म्हणतात, एका रात्रीत मरतो.

ओरिंग_शोधक

हवाबंद असेल तर नाही मरत. २०१८ सालचा एक प्रयोग याच प्रश्नावर होता: दीड तास वापरलेले कॅनिस्टर २८ दिवस ठेवून पुन्हा चालवले. हवाबंद ठेवलेले जवळपास एका रात्रीत परत वापरलेल्यांइतकेच टिकले, उघडे ठेवलेले बरेच आधी संपले. उघड्यावर चुना हवेतला सीओटू थोडा खातोच, शिवाय पाणी गमावतो. सुकलेला चुना म्हणजे खडे.

सवयी: कॅनिस्टर काढून त्यावर चिकटपट्टी लावा. भरल्याची तारीख, वापरलेली मिनिटं, ऑक्सिजनचे लिटर. जाड पिशवीत हवा काढून बंद. पट्टीवर आकडा नसेल तर चुना फेकायचा, 'बहुतेक तासभरच झाला होता' चालत नाही. आणि एकदा ओतून काढलेला चुना पुन्हा भरायचा नाही. वापरलेले कण कोऱ्यांत मिसळतात, शेवटच्या इंचात मेलेले कण येतात आणि पट्ट्याची सगळी शिस्त मोडते. सुकलेल्या चुन्यावर पाणी शिंपडून तो 'जिवंत' करणं हाही उद्योग नको.

दोन कॅनिस्टर एकामागून एक असणाऱ्या यंत्रात मात्र हा फायदा घेता येतो: पहिला वापरून झालेला फेकायचा, दुसरा पहिल्याच्या जागी, नवा दुसऱ्याच्या जागी. कोरा चुना नेहमी तोंडाच्या बाजूला, म्हणजे प्रवाहाच्या शेवटी.

प्रश्नचिन्ह

पाण्याची गरज असते तर थोडं पाणी आत गेलं तर बिघडतं काय?

चुनखडी

भिजलेला कण म्हणजे छिद्रं बुजलेला कण. पाण्यातून सीओटू वायूपेक्षा सुमारे दहा हजारपट मंद सरकतो. कणाच्या आतलं क्षेत्र गेलं, उरली फक्त वरची साल. आणि जास्त पाणी गेलं तर सोडियम हायड्रॉक्साइडचा दाहक रस नळीतून तोंडात येतो. तेव्हा बेलआउटवर (सोबतच्या वेगळ्या आपत्कालीन गॅसवर) जा, गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा चूळ भरा, गिळू नका, ओकारी काढू नका. आंबट काही घालून 'उदासीन' करायला जाऊ नका.

तळठाव

धागा माझा, दोन दिवस फक्त वाचत होतो. टाकीची उपमा मागे घेतो.

आता मी असं मांडतो, खोडून काढा. लिटर मोजायचे, पण ते मिनिटं वाढवायला वापरायचे नाहीत, कमी करायलाच वापरायचे. म्हणजे घड्याळ आणि लिटर यापैकी जे आधी संपेल तिथे थांबायचं. प्रवाहात काम जड पडलं आणि ऑक्सिजन मिनिटाला २ लिटरने गेला तर लिटर आधी संपतील, २८८ भागिले २ म्हणजे १४४ मिनिटांत. निवांत डाइव्ह असेल तर घड्याळ आधी.

दिवसाला दोन डाइव्ह असतील तर खोल आणि मेहनतीची नव्या चुन्यावर आधी, उथळ आणि सोपी नंतर.

खोलखोल

जवळजवळ. पण एकाच डाइव्हच्या आतला क्रमही असाच असतो हे लक्षात घ्या: खोल भाग आधी, ताज्या चुन्यावर, डिको शेवटी, उथळ, विश्रांतीत. निसर्गाने केलेली ही मेहेरबानी आहे. ती मोडते दोन ठिकाणी. एक, 'सॉ-टूथ' डाइव्ह, शेवटच्या वीस मिनिटांत परत खाली. दोन, वर येताना प्रवाहात अडकणं किंवा जोडीदाराला ओढणं. नियोजन या दुसऱ्या गोष्टीसाठी करा. १८० पैकी १७५ व्या मिनिटाला तुम्हाला कोणाला तरी ओढावं लागलं तर? तळ सोडायची वेळ पुस्तिकेतल्या त्या खोलीच्या मर्यादेवर बांधा, एकूण वेळेवर नाही.

श्वासोच्छ्वास

आणि बेलआउटचा गॅस मोजताना मिनिटाला २० लिटर धरू नका. सीओटू चढलेला माणूस सहज त्याच्या दुप्पट आणि वर ओढतो, पहिली काही मिनिटं तरी. धाप इतकी असते की माउथपीस काढायला श्वास थांबवता येत नाही. तोंडातून काहीच न काढता ओपन सर्किटवर (उच्छ्वास पाण्यात सोडणाऱ्या साध्या सिलिंडरवर) जाता येईल असा बेलआउट व्हॉल्व्ह तेव्हा कामाला येतो. पुन्हा लूपवर जायचं नाही, बरं वाटलं तरी.

बारमापे

तळठाव, तुमच्या नव्या नियमात एक बारीक चूक. २ लिटर ऑक्सिजन म्हणजे गुणांक १ धरला तरच २ लिटर सीओटू, ते ठीक. पण १.६ च्या वरच्या दराला २८८ हा आकडाच खरा राहत नाही, पट्टा रुंद झाल्यामुळे थर आधी गळतो. १४४ नाही, त्याहून कमी. किती कमी, ते पुस्तिकेत त्या दराची चाचणी असेल तरच सांगता येईल.

तळठाव

दुरुस्त केलं. चिकटपट्टीवर आता तीन रकाने: मिनिटं, लिटर आणि सगळ्यात खोल बिंदू.

ओरिंग_शोधक

चौथा: भरलेलं वजन.